माशांचा दम मोजणारे सर

आमच्या सरांनी एकदा बेळगावच्या सिटी बसमध्ये माशांचं तिकीट काढलं होतं. कंडक्टरनं मागितलं म्हणून नव्हे, स्वतःहून. मांडीवर पत्र्याचा मोठा डबा, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं आणि बसच्या प्रत्येक धक्क्याला त्या भोकांतून शेजारच्याच्या धोतरावर उडणारं पाणी. शेजारी करवादला. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला.

"मास्तर, डब्यात काय हाय?"

"संशोधन."

"लगेज लागंल बघा."

"लगेज निर्जीव वस्तूला लागतं. हे श्वास घेत्यात. ह्यांचं अर्धं तिकीट फाड."

"किती हायत आत?"

"झाकण काढून मोजू म्हणतोस?"

धोतरवाल्यानं हात जोडले. कंडक्टरनं मुकाट्यानं एक अर्धं तिकीट फाडलं. सरांनी ते घरी आणून मला दाखवलं आणि म्हणाले, "आज सरकारनं मासा प्रवासी हाय म्हणून कबूल केलं." त्यानंतर दोन दिवस ते भेटेल त्याला हे सांगत फिरत होते.

सर म्हणजे बेळगावातल्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं म्हणून नव्हे, उलट फार आवडलं असतं आणि त्यांनी हे पान कापून वर्गात वाचून दाखवलं असतं, म्हणून.

उंच, सडपातळ माणूस. टेरेलिनच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. कुठंही पाणी दिसलं, मग ते तळं असो, ओढा असो नाहीतर खडेबाजारातलं तुंबलेलं गटार असो, सर खाली वाकणार, थर्मामीटर बुडवणार, ओंजळभर पाणी घेऊन हुंगणार. एकदा एका लग्नात हात धुवायच्या बादलीचं तापमान घेतलं आणि यजमानाला गंभीरपणे सांगितलं, "ह्यात मरळ जगंल, पण रोहू न्हाय जगायचा." यजमानाला हे कौतुक वाटलं की तक्रार, कोण जाणे. त्यानं सरांना जिलबीचा आणखी एक वाटा वाढला.

आणि सर ओरडत. रागानं नव्हे. त्यांचा गळाच तसा घडला होता. चहात साखर कमी पडली तरी ओरडत, जास्त पडली तरी ओरडत. रेडिओवर बातम्या देणाऱ्यावर ओरडत, न फुललेल्या जास्वंदीवर ओरडत. सगळ्यात जास्त ओरडत ते आक्कांवर.

आक्का ही त्यांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा गोकाककडचं सासर सोडून त्या धाकट्या भावाकडे आल्या आणि त्याचं घर त्यांनीच चालवलं. सरांनी लग्न केलं नाही. "बायको आणली तर मासं कुठं ठेवू?" असं ते विचारत, आणि त्यांचं घर पाहिलेल्या कुणाला ह्यावर उत्तर देता येत नसे. आक्कांना ओरडण्याचं काही वाटत नसे. सरांनी आमटीवरून आकाशपाताळ एक केलं की त्या शांतपणे ताटात आणखी एक पळी आमटी वाढत आणि म्हणत, "ओरडून झालं की जेव."

त्या घरात मी कशी पोचले तेही सांगायला हवं. मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि घरात पहिली बी.एस्सी. झाले ती मी. बेळगावात नोकरी लागली, पण खोली मिळेना. सगळे आधी आडनाव विचारत, मग म्हणत, "आत्ताच दिली बघा कुणाला तरी." चार-पाच दारं अशी बंद झाल्यावर सर म्हणाले, "आमच्या आक्काला भेट." शहापूरच्या बोळातल्या त्या घराच्या उंबऱ्याशी मी उभी राहिले. आक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मासं खातीस का गं?"

"खाते."

"मग ये आत. हितं वास मारतोय म्हणून कोण ऱ्हायला बघत न्हाय."

वास खरंच मारत होता. मला त्या दिवशी तो अत्तरासारखा वाटला. पुढं कित्येक वर्षं मी त्या घरात राहिले आणि सख्ख्या घरात असतं त्याहून जास्त हसले.

वासाचं कारण परसात होतं. कॉलेजनं सरांना संशोधनाला जागा दिली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या परसात सिमेंटच्या टाक्या बांधून घेतल्या. एक वरची रांग, एक खालची रांग. टाक्यांत चिलापी मासे, कारण चिलापी सहसा मरत नाही. सर म्हणायचे, "आपल्याला मेलेला मासा नको. मेलेल्या माशाला काय विचारणार?"

हे सगळं सुरू झालं ते मासळी बाजारात. सर मासे विकत घ्यायला गेले की घेत कमी आणि तपासत जास्त. मासा उचलायचा, कल्ल्याचं झाकण वर करायचं, आतला रंग बघायचा, हुंगायचं, परत ठेवायचं आणि पुढचा उचलायचा. तिथं एक मासेवाली मावशी बसायची. तिचा गाव शहराच्या उताराला, मोठ्या तळ्याकाठी. ती एकदा वैतागून म्हणाली, "सर, मासं घ्यायचं हाय का ह्यांचं लगीन जमवायचं हाय?"

"ह्याचा कल्ला बघ की मावशी. कसा फिका पडलाय."

"मला काय दाखवताय? आमच्या तळ्याचं पाणीच फिरलंय. मासा दिसतोय एवढा थोरला, पण काट्यावर टाकला की भरतच न्हाय. गिऱ्हाईक मलाच म्हणतंय, तुझा काटा खोटा."

सर तिथंच ओरडले, "काटा खरा हाय! मासा खोटा झालाय!" निम्मा बाजार वळून बघायला लागला. मावशीनं कपाळावर हात मारला.

तळ्याच्या वरच्या अंगाला मुलाम्याचे छोटे कारखाने निघाले होते. सायकलीचं हँडल, नळाची तोटी, कपाटाची मूठ, असल्या वस्तूंवर निकेल आणि क्रोमची चकाकी चढवायची, आणि उरलेलं हिरवट-पिवळट पाणी नाल्यात सोडून द्यायचं. नाला तळ्याला मिळायचा. माशांचा खच पडला असता तर आरडाओरडा झाला असता. पण मासे मरत नव्हते. नुसते वर्षानुवर्षं त्या धातूंच्या पाण्यात जगत होते.

"हाच तर घोटाळा हाय," सर मला सांगत. "तू सकाळी भाकरी खाल्लीस. त्या भाकरीचं पुढं काय झालं? चालायला किती गेली, बोलायला किती गेली, अंगाला किती लागली? एवढ्यालाच चयापचय म्हणत्यात. ह्या माशाची सगळी भाकरी अंगातलं विष बाहेर टाकण्यातच जात्या. वाढायला काय उरत न्हाय."

आणि हे मोजायचं कसं, तर माशाचा दम मोजायचा. मासा तोंडबंद जारमध्ये ठेवायचा, आत जायच्या आधी पाण्यात प्राणवायू किती होता आणि तासाभरानं किती उरला ते काढायचं. त्यासाठी पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन दोन-तीन औषधं घालायची, खळीचे चार थेंब टाकले की ते गडद निळं होतं, मग वरून नळीतून थेंब थेंब दुसरं द्रावण सोडत राहायचं. एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. तो थेंब गाठायचा. हे काम माझं. सर माझ्या मागं श्वास रोखून उभे असत, आणि रंग गेला की "गेऽला!" म्हणून असे ओरडत की पहिल्यांदा माझ्या हातून बाटली पडली होती. बोळातल्या लोकांना वाटायचं, ह्यांच्या घरात रोज कोणतरी जातंय.

दम मोजायची त्यांना इतकी सवय लागली की माणसंही सुटत नसत. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य भाषण करत असत आणि सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्यांचे श्वास मोजत. एकदा माझ्याकडे चिठ्ठी सरकवली: "ह्या दमावर माणूस जागा असू शकत नाही." मी पदर तोंडात कोंबला. प्राचार्यांनी विचारलं, "काही शंका?" सर उठून म्हणाले, "न्हाय साहेब, खात्री झाली."

तर वरच्या रांगेत आमच्या विहिरीचं चांगलं पाणी आणि खालच्या रांगेत तळ्याचं पाणी. मासे दोन्हीकडे सारखेच, स्वच्छ ठिकाणाहून आणलेले. महिनोन् महिने ठेवायचे, दम मोजत राहायचा आणि दोन्ही रांगांची तुलना करायची. सर पहाटेच तळ्याकडे जाऊन डबे भरून आणत. विहिरीचं पाणी रात्रभर मातीच्या रांजणात ठेवून सकाळी वरच्या रांगेला घालायचं काम आक्कांचं. त्या माशांवर आक्कांचा जीव होता. कणीक मळताना एक गोळी बाजूला काढून ठेवायच्या. एका माशाला त्या 'जावई' म्हणत, कारण तो खायला सगळ्यात पुढं आणि बाकी काही करत नसे.

मधेच ह्या खेळाला गंभीर वळण लागलं. तळ्याकाठच्या गावानं सरकारी कचेरीत अर्ज दिला की कारखान्यांच्या पाण्यानं आमची मासळी बिघडली. कचेरीनं कॉलेजला विचारलं, कॉलेजनं सरांना. म्हणजे सर जे लिहितील त्यावर गावाचं तळं ठरणार होतं. पाणी वाईट म्हणाले तर कारखान्यांना ते शुद्ध करून सोडावं लागणार, फरक नाही म्हणाले तर अर्ज कायमचा बासनात. शिवाय सरांच्या पीएच.डी.चा प्रबंधही ह्याच मापांवर उभा राहायचा होता. वयाच्या पंचेचाळिशीला ते पीएच.डी. करत होते आणि त्यांचे विद्यार्थी त्यांच्या आधी डॉक्टर होऊन बसले होते.

खालच्या रांगेचा दम ठरल्याप्रमाणे उतरत गेला. सुरुवातीला मासे धापा टाकत होते, मग हळूहळू थंडावले, खात होते पण वजन धरत नव्हते. सर खूश. पण एका उन्हाळ्यानंतर वरच्या रांगेचाही दम उतरायला लागला. चांगल्या पाण्यातला! जावई कोपऱ्यात जाऊन बसला. त्याच्या कल्ल्यांवर शेंबडासारखा चिकट थर आला.

सर माझ्यावर ओरडले, "तुझा हात चुकतोय!" मी पुन्हा केलं, तेच. त्यांनी स्वतः केलं, तेच. मग ते नळीवर ओरडले, खळीवर ओरडले, विहिरीत वाकून विहिरीवर ओरडले, आणि विहिरीनं त्यांचंच ओरडणं त्यांना परत दिलं तेव्हा तिच्यावरही चिडले. विहिरीचं पाणी तपासून आणलं, ते स्वच्छ निघालं. काही केल्या उलगडा होईना. दोन्ही रांगा सारख्याच मरगळलेल्या. म्हणजे निकाल काय, तर तळ्याच्या पाण्यात आणि चांगल्या पाण्यात फरक नाही.

ही बातमी कशी कोण जाणे एका कारखानदाराला लागली. गोल, हसरा माणूस. तो कुंद्याच्या मिठाईचा मोठा पुडा घेऊन घरी आला. "सर, सायन्स म्हणजे सायन्स," तो म्हणाला. सरांनी पुडा फोडला, त्याच्यासमोर चांगला मूठभर कुंदा खाल्ला आणि ओरडले, "कुंदा एक नंबर हाय! निकाल एकदम वाईट हाय! पण जार म्हणतोय तेच मी लिहिणार. तुम्ही कुंदा आणला म्हणून न्हाय, आणि आणला नसता तरी तेच."

त्या माणसाला आनंद झाला. मला रडू आलं. मासेवाली मावशी अधूनमधून विचारायची, "आमच्या तळ्याचं काय ठरलं?" आणि सर, जे बादलीशीसुद्धा बोलत, ते तिच्यापुढं मान खाली घालून मासे घेत. मला ते बघवत नव्हतं.

अहवाल द्यायची वेळ अगदी जवळ आली होती. एके सकाळी बस आली नाही म्हणून सर डबे घेऊन तसेच परतले. मी परसात दात घासत होते. सरांनीही दंतमंजन घेतलं आणि माझ्या बाजूला उभे राहिले. समोर आक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात तांब्याचा मोठा हंडा. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून त्या तो आतून-बाहेरून घासत होत्या. हंडा नुसता लखलखत होता. तिथंच शेजारी घागर, हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी ओतून भरलेली. आक्कांनी ती उचलली आणि वरच्या रांगेच्या टाकीत ओतली. "प्या रं बाळांनो," त्या म्हणाल्या.

हे मी रोज अर्धवट झोपेत बघत आले होते; आज सरांकडे बघितलं. सरांचं बोट दातांवर थांबलं होतं.

तांबं. माणसाच्या पोटाला ज्याचं काही वाटत नाही, ते माशाच्या कल्ल्यांना जहाल, अगदी थोडं उतरलं तरी. हे सर वर्गात दर वर्षी शिकवत. आणि चिंचेनं रोज नवं कोरं केलेलं तांबं तर रात्रभरात पाण्यात भरपूर उतरणार.

"आक्का," सर कसेबसे म्हणाले, "रांजण कुठं गेला?"

"त्यो उन्हाळ्यात तडकला की. तुला कशाला सांगत बसू, म्हणून माझ्या लग्नातला हंडा काढला माळ्यावरचा. तूच म्हणतोस न्हाय का, चांगलं पाणी पायजे, चांगलं पाणी पायजे? माणसाला तांब्यातलं पाणी देत्यात, मग मासं काय परकं हायत?"

मी डोळे मिटून घेतले. आता शहापूर हादरणार. साखरेवरून ओरडणारा माणूस, दोन वर्षांचं काम पाण्यात गेल्यावर काय करेल?

सरांनी तोंडातलं सगळं दंतमंजन गिळलं. आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हंडा लई छान घासलाईस आक्का."

मग माझा दंड धरून मला तसंच, तोंडात मंजन असताना, बोळाच्या तोंडापर्यंत ओढत नेलं. तिथं कुणाच्या तरी कट्ट्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, चांगलं पाणी नव्हतंच!" ते म्हणाले. "एवढे दिवस आपण विषाची तुलना विषाशी करत बसलो! फरक दिसंल कुठनं? मावशीचं तळं वाचलं! निकाल खोटा हाय गं, सगळा खोटा हाय!" घरमालक बाहेर आला. सरांनी त्यालाही मिठी मारली. मीही हसत होते, सगळ्या पोलक्यावर मंजन सांडवत. अहवाल गेला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात येत होता आणि तरी हसू थांबत नव्हतं.

मग सरांनी डोळे पुसले. "आक्काला सांगायचं न्हाय," ते म्हणाले. "त्या माशांवर तिचा जीव हाय. आपल्या हातनं असं झालं हे तिला कळलं तर ती अन्न सोडंल. शपथ घे."

मी शपथ घेतली. त्याच दिवशी सरांनी कचेरीला कळवलं की माझा प्रयोग फसला आहे, चांगल्या पाण्यात माझ्याच घरी तांबं मिसळलं, सगळं पुन्हा करायला मुदत द्या. स्टाफरूममध्ये त्यांची पुष्कळ टिंगल झाली. "सर, आता पितळेचा डबा घेऊन बघा," असंही कोणी म्हणालं. धारवाडचे त्यांचे मार्गदर्शक चिडले. कुंदा येणं बंद झालं. सर मात्र नवा रांजण घेऊन आले आणि पहिल्यापासून सुरू केलं.

पण आक्कांच्या हातातून हंडा कसा काढायचा? कारण न सांगता काढला असता तर त्यांना लगेच संशय आला असता. सरांनी युक्ती काढली. ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "आक्का, तुझ्या हंड्याचं पाणी येगळंच हाय. त्याची मी स्वतंत्र रांग लावणार. मधली रांग. ती तुझी."

आक्का त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. "व्हय? बरं. लाव की."

अशा तीन रांगा झाल्या. आक्का रोज नेमानं हंडा घासत, रात्रभर पाणी ठेवत, मोजून ओतत. ओतताना त्या माशांशी काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं, देवाचं काही म्हणत असतील. नव्या रांजणाच्या पाण्यातले मासे महिन्याभरात टुणटुणीत झाले. जावई त्यांच्यात होता, त्याला सरांनी गुपचूप तिकडं हलवलं होतं आणि तो पुन्हा पहिल्यासारखा आयतं खाऊ लागला. तळ्याच्या पाण्यातल्यांचा दम उतरत गेला. मधल्या रांगेचा तर त्याहूनही लवकर उतरला. एवढ्याशा धातूनं, जो कुणाला दिसत नाही, ज्याची चव लागत नाही, माशाच्या अंगातली भाकरी कशी जळते, ह्याचा पुरावा सरांना स्वतःच्या परसात मिळाला. प्रबंधातलं ते प्रकरण सगळ्यात सरस ठरलं.

सगळं चांगलं चाललं होतं, फक्त घर बिघडलं होतं. सर आक्कांवर ओरडेनासे झाले. त्यांना धास्ती असायची, की एकदा आवाज चढला की तोंडातून हंड्याचं निघून जाईल. आमटी खारट झाली तरी "छान झालीया" म्हणायचे. चहा गार आला तरी गप पिऊन टाकायचे. माझ्यावर, विहिरीवर, रेडिओवर पूर्वीसारखंच चालू होतं, पण आक्का समोर आल्या की एकदम मवाळ, पाव्हण्यासारखे. जेवताना ताटांचाच आवाज यायचा. आक्का वाळायला लागल्या. कधी कधी त्या मुद्दाम मीठ जास्त घालत असाव्यात, अशी मला शंका येई. सर पाणी पीत पीत सगळं संपवायचे. आक्का ताट उचलून नेताना हळूच सुस्कारा सोडायच्या. मी शपथेनं बांधलेली. तोंड उघडायची फार इच्छा व्हायची, आणि मी भाकरीचा तुकडा तोंडात घालायची.

सरांचा नवा अहवाल गेला. कारखाने काही बंद झाले नाहीत, पण नाल्याच्या तोंडाशी पाणी साठवून गाळायच्या टाक्या त्यांना बांधाव्या लागल्या. तळं एका दिवसात सुधारलं नाही. पण मावशीनं एक दिवस काट्यावर मासा टाकला आणि सरांना म्हणाली, "बघा, भरतोय." सर असे ओरडले की मावशीच्या शेजारणीनं टोपली सावरली.

आणि शेवटी प्रबंधाची तोंडी परीक्षा आली, धारवाडला. ती सगळ्यांना खुली असते, कुणीही येऊन बसावं. आक्का म्हणाल्या, "मी येणार." नवं इरकल नेसून त्या माझ्या शेजारी पहिल्या ओळीत बसल्या. सरांनी कोट घातला होता. थर्मामीटर खिशात होताच.

बाहेरचे परीक्षक म्हातारे, शांत गृहस्थ होते. बरेच प्रश्न झाले, सर घाम पुसत पण बरोबर उत्तरं देत गेले. मग परीक्षकांनी प्रबंधाची पानं मागं उलटली आणि इंग्रजीत विचारलं, "हे तांब्याच्या भांड्याचं मला फार आवडलं. घरातलं साधं भांडं घेऊन केलेला प्रयोग मी कुठं पाहिला नाही. ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

खोटं सरांना बोलता येत नसे आणि खरं बोलायचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग म्हणाले, "घरातूनच आली, सर."

"काय इचारलं गं त्यांनी?" आक्कांनी मला विचारलं. मी कानात सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

आक्का उठून उभ्या राहिल्या. पदर नीट केला. परीक्षक कन्नड होते हे त्यांनी आल्या आल्या ओळखलं होतं, आणि सासरच्या मुलखामुळे आक्कांची कन्नड पक्की. त्या स्वच्छ कन्नडमध्ये जे बोलल्या ते असं: "साहेब, माझा भाऊ खोटं बोलत नाही, पण आज अर्धंच बोलला. त्याच्या चांगल्या पाण्यात तांबं मी घातलं. त्याचं दोन वर्षांचं काम मी बुडवलं. मला वाईट वाटेल म्हणून त्यानं मला कधी सांगितलं नाही. आणि मला ठाऊक आहे हे कळलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून मी बोलले नाही. एवढे दिवस मी रोज त्या माशांची माफी मागून पाणी ओतलं, त्याचा प्रबंध पुरा व्हावा म्हणून."

सरांच्या हातातला खडू मोडला.

परीक्षकांनी चष्मा काढला. कन्नडमध्येच विचारलं, "पण आक्का, तुम्हाला कळलं कसं? ह्यांनी तर सांगितलं नव्हतं."

"हा जन्मभर माझ्यावर ओरडत आलाय," आक्का म्हणाल्या. "मीठ कमी पडलं तरी ओरडतो. त्या सकाळी ह्यानं आधी रांजण कुठं गेला विचारलं आणि मग ओरडायचं सोडून म्हणाला, हंडा छान घासलास. तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, काहीतरी फार मोठं नुकसान झालेलं आहे. तेव्हापासून आजपर्यंत हा मला एकदाही ओरडलेला नाही. मी काय काय केलं, साहेब. आमटीत मूठभर मीठ घातलं. तीसुद्धा छान झाली म्हणाला."

परीक्षक हसायला लागले. मागचे विद्यार्थी हसायला लागले. मी एकाच वेळी हसत आणि रडत होते, आणि सरांचा चेहरा लाल लाल होत चालला होता.

"आक्काऽ!" सर ओरडले. खिडकीची तावदानं थरथरली. "परीक्षा तुझी हाय का माझी? खाली बस आधी! मूठभर मीठ घालतीस व्हय आमटीत? मारतीस का काय मला?"

आक्का खाली बसल्या. माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा असा फुलला होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

"ओरडला गं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "आता डॉक्टर होऊ दे न्हायतर न होऊ दे."